एकाच लाकडाच्या तीन कड्या

१२ जानेवारी १९९९

चौथा खुळखुळाही फुटला!

आज अगदी शेवटाला आले होते. दोन कड्या सुटून दांडीवर मोकळ्या फिरत होत्या, तिसरी सुटायच्या बेतात — आणि कट्! अर्धी कडी माझ्या चष्म्यावर, अर्धी किशोरच्या चहात. त्याने ती चमच्याने बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "मिस्त्रीणबाई, बाळाला दाढी येईपर्यंत तरी होईल ना?"

(वहीत मी नवऱ्याला किशोर म्हणते. तोंडावर 'अहो'. नन्सच्या शाळेत शिकलेली म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांदेखत नावाने हाक मारली होती, तर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.)

बाळ जूनमध्ये. आमच्या अंजलीचं पहिलं. तिकडे पुण्यात ती दिवस मोजतेय, इकडे मी कड्या फोडतेय.

स्कूटरच्या शेडमध्ये आता लेथ आहे, लाकूड फिरवून कातायचं मशीन. अंबडला एक वर्कशॉप बंद पडलं, तिथून आणला. स्कूटर बाहेर उन्हात. किशोर रोज सकाळी तिच्या सीटवरून हात फिरवून "सांभाळ गं बाई" म्हणतो. मला ऐकू जाईल असं!

१५ जानेवारी

तो खुळखुळा कसा होता ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर हात विसरतील.

वीतभर दांडी. दोन टोकांना दोन गोळे. मधे तीन कड्या, सैल. सगळं एकाच लाकडातून कोरून काढलेलं. खिळा नाही, सांधा नाही, सरस नाही, रंग नाही. गोळे कड्यांपेक्षा मोठे, म्हणजे कडी बाहेर निघू शकत नाही. कारण ती आत घातलेलीच नसते! तिथेच जन्मते. तात्यांनी, माझ्या वडिलांनी, माझ्यासाठी केला होता, मी पोटात असताना. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या बालपणीच्या एकुलत्या एका फोटोत तो माझ्या तोंडात आहे, आणि तात्या फोटोत नाहीत. ते फोटोग्राफरच्या मागे उभे राहून मला हसवत होते, असं आई सांगायची.

२० जानेवारी

अंजलीने इंटरनेटवरून काढलेली बारा पानं कुरिअरने पाठवली. बाळाने काय काय तोंडात घालू नये त्याची यादी. ही बारा पानं बाळाने तोंडात घालू नयेत, हे तेरावं पान राहिलं बहुतेक.

शेंगदाण्याचं तेल नको, अ‍ॅलर्जी. खोबरेल चालेल. सागाचा भुसा नको, शिसवाचा नको. कॅमेऱ्याच्या रोलची ती काळी डबी असते ना — त्यात मावेल अशी कुठलीही वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते. म्हणून प्रत्येक खेळणं आधी डबीत घालून पाहायचं.

किशोर टेलिफोन खात्यातून रिटायर झाला तेव्हा शिक्के परत करायला विसरला होता. आज त्याच्या आयुष्याला पुन्हा अर्थ आला. डबी घेऊन बसला. लाकडी ठोकळा — "जात नाही, पास!" धप्प. गाडीचं चाक — "जात नाही, पास!" धप्प. मग घरातल्या बाकी वस्तू. माझं मंगळसूत्र नापास. त्याची कवळी पास, पण काठावर.

आणि शेवटच्या पानावर, आजीसाठी: मशीनवर काम करताना कानात कापूस घालावा. हे मात्र पटलं. तात्यांचे कान लेथनेच गेले. आता मीही दोन्ही कानांत कापूस घट्ट बसवून बसते. किशोरचं बोलणंही ऐकू येत नाही, तो फायदा वेगळा.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून परत येताना महिला मंडळाच्या सिंधुताई शेडमध्ये डोकावल्या. मी केलेली लाकडी गाडी, ठोकळे, बाळाने चघळायची गोल चावणी पाहून त्यांचा श्वास अडकला. "ललिताताई, हा तर प्रकल्प आहे!"

मी म्हटलं, "हे खेळणं आहे."

"तेच ते. सुरक्षित बालपण, सक्षम महिला." एवढ्यात त्यांना नावसुद्धा सुचलं!

३१ जानेवारी

मंडळाची बैठक. समिती स्थापन. उपसमिती स्थापन. रंग कोणता यावर पाऊण तास. मी सांगितलं, रंग नाहीच, फक्त खोबरेल. सिंधुताई म्हणाल्या, "निदान बेबी पिंक?" ठराव पुढच्या बैठकीवर. अकरा बायकांत लेथ चालवणारी एक. ती कुठल्याच समितीत नाही.

७ फेब्रुवारी

लेथचं उद्घाटन. तीन महिने चालत असलेल्या लेथचं!

नारळ फोडायचा ठरला. कशावर? इकडे तिकडे पाहून सिंधुताईंनी तो सरळ लेथच्या लोखंडी पाठीवर आपटला. पाणी मोटरमध्ये. ठिणगी, धूर, आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. टाळ्या मात्र व्हायच्या होत्या त्या झाल्याच.

प्रसाद म्हणून खोबरं वाटलं. किशोरने त्याचा तुकडा डबीत घालून पाहिला. "नापास."

१९ फेब्रुवारी

मोटर दुरुस्त होऊन आली. पाचवा खुळखुळा — पहिल्याच कडीला फुटला. लाकूडच चुकतंय का?

२४ फेब्रुवारी

लाकूडच चुकत होतं! थोडंसं तरी.

आमच्या दारावर पेठकडचा हिरामण येतो. नागली, उडीद, पावसाळ्यात रानभाज्या. शेडमध्ये माझ्या फुटक्या कड्यांचा ढीग पाहून उकिडवा बसला. एक तुकडा नाकाशी नेला, नखाने ओरखडला.

"बाई, ह्ये आंब्याचं. ह्ये तडकनारच."

"मग कशाचं घेऊ?"

"शिवनीचं. आमच्याकडं पाळनं शिवनीचंच करत्यात. हलकं हाय, पर तडकत नाय. बांधावरची येक पडलीय माझी, पल्याडच्या पावसात. वाळलीय चांगली."

मग तुकडा खाली ठेवून, "कोनासाठी करता?"

"नातवंडासाठी. अजून यायचंय."

"मंग लय सावकास करा," म्हणाला.

६ मार्च

हिरामणने शिवणीचे ओंडके आणले. एस्टीच्या टपावरून. कंडक्टरने त्यांचंही तिकीट फाडलं म्हणे.

काय लाकूड! पिवळट, साबणासारखं मऊ. पटाशी लावली की लांबच लांब साल निघते, वास गोडसर. गोळे पहिल्या झटक्यात झाले. दोन कड्या सुटल्या. तिसरी फुटली.

मी अगदी डोळे फाडून बघत असते. तरी नेमकं कधी थांबायचं ते कळत नाही. एक केसभर जास्त गेलं की संपलं.

७ मार्च

तिसरी फुटली.

११ मार्च

तिसरी.

१४ मार्च

आज हात लावला नाही. लिहायचं होतं ते लिहून टाकते. पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. किशोरलाही नाही.

१९५४. मी बारा वर्षांची. आमच्या कॉन्व्हेंटात रेल्वेतल्या साहेबांच्या मुली, व्यापाऱ्यांच्या मुली, आणि मी. माझी फी माफ होती. मुली नाव विचारायच्या, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला — तिथे आलं की गप्प व्हायच्या. सिस्टर बेनेडिक्टा चांगल्या होत्या. माझे हात पाहून म्हणायच्या, हात लोण्यासारखे ठेव, लेडी होशील.

नाताळच्या आधी बालवर्गासाठी खेळणी हवी होती. मी घरी सहज बोलले. महिनाभर तात्या जेवणाच्या सुट्टीत जेवलेच नाहीत. तीस खुळखुळे केले! गोणपाटात बांधून, स्वतः शाळेच्या फाटकाशी घेऊन आले. निळा डगला, तेलाचे हात, गळ्यात पितळी बिल्ला. मी मैत्रिणींबरोबर फाटकाशीच होते. सिस्टरने एक खुळखुळा हातात घेतला, हलवला, डोळे चमकले त्यांचे. विचारलं, "हे कोण, ललिता?"

मी म्हटलं, "आमच्या शेजारचे सुतार."

तात्या दोन हातांच्या अंतरावर उभे होते. हसत होते. सिस्टरना हात जोडले, मला नाही. वळून गेले.

संध्याकाळी मी घरी जायला घाबरत होते. दारातच तात्या बसलेले. म्हटलं, आता विचारणार. त्यांनी हात कानामागे धरला आणि म्हणाले, "काय म्हणालीस, बेबी? हल्ली मशीनमुळे ऐकूच येत नाही बघ."

इतकी सुटले मी! ऐकलंच नव्हतं त्यांनी. देवाचे, बुद्धाचे, मेरीचे — सगळ्यांचे आभार मानले त्या रात्री. पुढे तात्यांचा कान बिघडतच गेला. डावा जास्त. ते जाईपर्यंत मी त्यांच्याशी ओरडूनच बोलायचे. आई चिडायची, "सगळ्या चाळीला ऐकवतेस का?"

म्हणून हा खुळखुळा व्हायलाच हवा. एक तरी. तात्यांसारखा. आणि बाळ मोठं झालं की कुणी केला ते त्याला सांगायचं.

३ एप्रिल

प्रदर्शन ठरलं. ८ मे, गंगापूर रोडवरचा हॉल. माझी गाड्या-ठोकळे-चावणी मिळून साठ खेळणी. आज सिंधुताई छापलेली लेबलं घेऊन आल्या. हिरवं पान, त्यावर लिहिलेलं: 'पेठच्या जंगलातील आदिवासी कारागिराच्या हातून.'

मी म्हटलं, "सिंधुताई, हे माझ्या हातून आहे. स्कूटरच्या शेडमधून."

"अहो, ते आपल्याला माहितीय. पण रिटायर्ड बाईने गॅरेजमध्ये केलंय म्हटलं तर कोण घेणार? लोकांना मातीचा वास लागतो."

"आणि कारागीर कोण?"

"तुमचा तो हिरामण आहे की. उभा राहील. चहा-नाश्ता देऊ."

अठ्ठावीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, पण तोंड उघडायच्या वेळी भाषा कुठलीच येत नाही.

१४ एप्रिल

कॉलनीत मिरवणूक. निळे झेंडे, बँड. तात्या याच दिवशी वर्षातून एकदा पांढरा सदरा घालायचे.

लेबलांचा गठ्ठा टेबलावर. किशोरने वाचलं. पहिल्यांदाच विनोद केला नाही. फक्त म्हणाला, "ललिता, तुझं नाव नाही यावर."

७ मे

उद्या प्रदर्शन. हिरामण मुलाची जीन्स आणि क्रिकेटचा टी-शर्ट घालून तालमीला आला. सिंधुताई हादरल्या. "पागोटं नाही का?"

"हाय ना. बापाचं. घरी."

शेवटी सिंधुताईंच्या मिस्टरांचा लग्नातला फेटा त्याच्या डोक्यावर. जरीचा. हिरामण आरशात बघून मला म्हणाला, "बाई, माजं लगीन परत लावत्यात का काय?"

त्याला काय सांगितलंय विचारलं. म्हणाला, "काय नाय. हासायचं म्हनाल्या."

८ मे

रात्रीचे बारा वाजलेत. तरी आजच लिहायचं.

हॉल भरला. बॅनर, समया, भाषणं. सुरक्षित बालपणावर एक तास. त्या तासात दोन खरी बाळं रडली म्हणून त्यांना बाहेर नेण्यात आलं.

मग कलेक्टर कचेरीतले साहेब टेबलाशी आले. गाडी हातात घेतली. कड काढलेली कळते का ते बोट फिरवून पाहिलं. मनापासून पाहिलं हं, हे मान्य. हिरामणकडे वळून म्हणाले, "वा! किती पिढ्या करताय हे काम?"

हिरामण हसला. सांगितल्याप्रमाणे. मग म्हणाला, "म्या नाय करत साहेब."

"म्हणजे?"

"म्या लाकूड आनतो. करते ती ही बाई. मशिनीला हात लावाया गेलो तं वरडती."

सगळे हसले. साहेबही. सिंधुताई माझ्या कोपराला धरून पुढे झाल्या, "म्हणजे, ललिताताई मार्गदर्शन करतात, मार्गदर्शन!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे कोणाचं काम आहे, बाई?"

तेच फाटक! इस्त्रीची रेशमी साडी, मैत्रिणी भोवती, आणि कुणीतरी विचारतंय. समोर हिरामण जरीचा फेटा काढून हातात धरून उभा. त्याला कुणी कॉन्व्हेंटात घातलं नव्हतं, म्हणून बहुतेक खोटं बोलायला जमलं नाही.

मी म्हटलं, "माझं. मी केलीयत. माझे वडील मल्हारी मिस्त्री, मनमाडच्या वर्कशॉपात टर्नर होते. मी त्यांची मुलगी. त्यांचे कान त्या मशीनवर गेले."

आवाज बराच मोठा निघाला. ओरडून बोलायची सवय तशी जुनीच.

१० मे

पेपरात आलंय! पान पाच, खाली, कांद्याच्या भावाशेजारी. 'बहिऱ्या टर्नरची लेक बनवते बाळखेळणी.' फोटो फेट्याचा.

सिंधुताई बोलत नाहीत. उपसमिती बरखास्त. किशोरने उरलेल्या लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझं नाव लिहायला घेतलंय. आणि शिक्का, अर्थातच.

२२ मे

सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. काठी टेकत एक म्हातारे उतरले. हातात पेपरची घडी.

"बेबी हितंच राहते का?"

बेबी! जवळजवळ तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. देवरामकाका! तात्यांचे हेल्पर. मी त्यांच्या खांद्यावर बसून वर्कशॉपचा भोंगा ऐकायला जायचे. नाशिकरोडला मुलाकडे असतात, आणि मला पत्ताच नाही!

पेपर उलगडत म्हणाले, "मिस्त्रीचं नाव बघितलं अन् रडलो बघ. पर ह्यात एक गोष्ट चुकीची छापलीय."

"एकच?" किशोर चहा घेऊन आला. "मग चांगला पेपर आहे!" आणि स्कूटरची करुण कहाणी त्याने सुरुवातीपासून सुनावली. काय चुकलं ते राहूनच गेलं. तात्यांचा बिल्ला नंबर असेल. नाहीतर वर्ष.

काका शेडमध्ये आले. फुटक्या कड्यांच्या ढिगाकडे बघून च्च् च्च् केलं. "तिसरी ना? मिस्त्रीकडं शिकताना माझ्या साठ फुटल्या."

पुढच्या शनिवारी येतो म्हणाले.

२९ मे

झाला!! झाला, झाला, झाला!

काका स्टुलावर बसले. मी ओंडका लावला, चष्मा पुसला, कानांत कापूस घातला, मोटर सुरू केली. काकांनी काठीने स्विच बंद केला.

"कानात काय ते?"

"कापूस. आवाजाने कान जातात."

"काढ. काढ आधी! अगं येडे, कडी डोळ्यानं सोडतात का? कडी कानानं सोडायची."

कापूस काढला. पुन्हा सुरू. पटाशी दोन्ही बाजूंनी आत आत नेत गेले. काका डोळे मिटून बसलेले. "ऐक. आता जाडा आवाज हाय. जाडा... जाडा... बारीक व्हायला लागला बघ. हात हलका. अजून बारीक... शिट्टीसारखा झाला? — थांब!"

मी थांबले. कडी आपोआप सुटून दांडीवर पडली. इतक्या हळू! जसं कुणी झोपेत कूस बदलावी.

मग दुसरी. मग तिसरी. तिसरीला मीही डोळे मिटले. काका म्हणाले, "मिस्त्री असंच करायचे. डोळे मिटून."

खोबरेल लावलं, मऊ फडक्याने पुसलं. किशोरने डबी आणली. गोळा डबीच्या तोंडावर ठेवला, कितीतरी वेळ पाहत राहिला. "जात नाही." शिक्का मात्र मारला नाही. म्हणाला, "यावर नको."

११ जून

मुलगी! सकाळी सहा दहाला. अंजली बरी आहे. आम्ही पहाटेच्या बसने निम्म्या वाटेवर असतानाच नात येऊन ठेपली.

अंजलीच्या सासूबाईंनी खुळखुळा हातात घेऊन विचारलं, "अय्या, किती सुंदर! कुठून आणलात?"

अंजली पडल्या पडल्या म्हणाली, "आईने केलाय. आमचे आजोबा टर्नर होते."

मी तो त्यांच्याकडून घेऊन बाळाच्या कानाशी हळूच हलवला.

२६ जून

देवरामकाकांना पेढे द्यायला नाशिकरोडला गेले. निघताना सहज विचारलं, "काका, त्या दिवशी पेपरातलं काय चुकलं म्हणत होतात?"

"ते बहिरं लिहिलंय ते. मिस्त्री अन् बहिरे? अगं, तिसऱ्या शेडमधला पट्टा घसरला तर पहिल्या शेडमधून सांगायचे. रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा शेवटची कडी कानावर सोडली. असा कान नाय बघितला मी. कोणी सांगितलं तुला बहिरे म्हणून?"

तात्या जाईपर्यंत सतरा वर्षं मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडत होते. आणि दर वेळी ते हात कानामागे धरून, हसून म्हणायचे — "काय म्हणालीस, बेबी?"